कार्निव्हल थीमचा पाचवा वाढदिवस, घरच्या अंगणात: कसा करावा?

अबोलीगजरा
नमस्कार सगळ्यांना. लेकीला ११ फेब्रुवारीला पाच वर्षं पूर्ण होतायत आणि तिला वाढदिवस "कार्निव्हलचा" हवाय. गेल्या वर्षी पणजीला चित्ररथ बघायला गेलो होतो, तेव्हा बाबाच्या खांद्यावर बसून तिने एक भलामोठा मासा बघितला, गाडीवर बांधलेला, त्याचं तोंड उघडायचं आणि मिटायचं. बास. तेव्हापासून घरात जो कुठला खोका येईल, मिक्सरचा असो की चपलांचा, त्यात पाय घालून बसते आणि दोन्हीकडे हात हलवते. आम्ही कामात असलो तरी उलट हात हलवायचाच, नाही हलवला तर म्हणे गाडी पुढे जात नाही.

एका डेकोरेशनवाल्यांकडून पॅकेज मागवलं. ४५ हजार. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा तंबू, फुग्यांची कमान, जोकर, पॉपकॉर्नचं मशीन, उड्या मारायचा हवेचा किल्ला. फोटो छान आहेत, खोटं कशाला बोलू. पण लेकीला मोबाईलवर दाखवले तर तिने सगळे सरकवून सरकवून बघितले आणि विचारलं, "आई, ह्यात गाडी कुठे आहे?"

मग मी फोन बाजूला ठेवला. तर आता असं आहे: जागा म्हणजे फोंड्याजवळ सासरचं घर, पुढे मोठं अंगण, तुळशीवृंदावन मधोमध. मुलं साधारण १८, वय ३ ते ८. बजेट २० हजाराच्या आत. नवऱ्याचं म्हणणं कार्निव्हलच्या रविवारीच, म्हणजे १५ फेब्रुवारीला करू. सासूबाईंची एकच अट, "पयलीं ओवाळणी, मागीर केक". कुणी असं काही केलं असेल तर सविस्तर सांगा, मला खरंच नीट करायचंय हे.

मांडवीकाठ
आधी तारीख बदला. यंदा, म्हणजे २०२६ ला, कार्निव्हल १४ ते १७ फेब्रुवारी, आणि रविवारी १५ ला महाशिवरात्र आहे. अर्ध्या घरांत उपास, लोक देवळात, फोंडा म्हणजे मंगेशी, रामनाथी, नागेशी सगळीकडे गर्दी. तुमच्या सासूबाईंनाच त्या दिवशी केक चालेल का विचारा. १८ ला ॲश वेन्सडे, म्हणजे ख्रिस्ती शेजाऱ्यांचा उपासकाळ सुरू, तो ईस्टरपर्यंत. त्या दिवसांत बरीच घरं नाचगाणं, पार्टी टाळतात, मटण-मासेसुद्धा सोडतात काही जण. त्यांना बोलवायचं असेल तर त्याच्या आधी करा. ८ तारखेचा रविवार बरा पडेल. वाढदिवसाच्या आधी तीन दिवस, पण चालतं.

शिवाय कार्निव्हलच्या चार दिवसांत साउंडवाले, टेम्पोवाले, मांडववाले सगळे आधीच बुक असतात, मिळाले तरी भाव चढा.

अबोलीगजरा
अरे देवा, महाशिवरात्र माझ्या लक्षातच नव्हती! सासूबाईंना आत्ताच विचारलं, "पंदराक? शिवरात्रीक?" एवढंच म्हणाल्या. ८ तारीख पक्की.

कोकमसरबत
ताई त्या पॅकेजच्या भानगडीत पडू नका असं मी मनापासून सांगेन. माझ्या भाच्याच्या वेळी असंच एकाला दहा हजार ॲडव्हान्स दिला, सकाळी माणूस आलाच नाही, फोन बंद, शेवटी दुपारी दोनला भावाने गावातल्या मांडववाल्याला गाठून पताका लावून घेतल्या. वहिनी रडवेली झाली होती, तिला आम्ही धीर देत होतो आणि भाचा मात्र मांडववाल्याच्या सुतळीच्या गुंडाळीशी खेळत बसला होता. मुलांना काय लागतं ते मला तेव्हा कळलं. तुमच्या लेकीने तर तोंडाने सांगितलंय तिला काय पाहिजे ते. गाडी पाहिजे. तेवढी करा, बाकी सगळं त्या गाडीच्या मागे येईल.

सासष्टीकर
+१. आणि एक सांगू का, हे लाल-पांढरा तंबू, जोकर, पॉपकॉर्न म्हणजे अमेरिकेतली जत्रा आहे, तिथे फिरत्या जत्रेलाच कार्निव्हल म्हणतात म्हणून ऑनलाइन थीम शोधली की तेच येतं. आपला कार्निव्हल वेगळा. आमच्याकडे सासष्टीत जुनी माणसं त्याला अजून इंत्रुज म्हणतात, पोर्तुगीज एंत्रुदू वरून आलेला शब्द. पणजीची चित्ररथांची मिरवणूक १९६५ पासूनची, त्याच्या आधी गावोगाव वेगळीच मजा असायची, एकमेकांवर पीठ टाकायचं, रंगाचं पाणी उडवायचं. लहानपणी आमच्या दारात खेळ यायचे, म्हणजे खेळ तियात्रवाली मंडळी, बँड वाजवत, अंगणातच गोल करून नाटक करायची आणि पुढच्या घरी जायची. आम्ही पोरं मुखवटे घालून, बापाचा जुना कोट घालून डबे बडवत फिरायचो. चांदरला कार्निव्हलच्या सोमवारी रात्री मुसळ नाच असतो तो कधी जमलं तर जाऊन बघा, हातात मुसळं घेऊन जमिनीवर आपटत नाचतात, अंगावर काटा येतो.

सांगायचं म्हणजे अंगण तुमच्याकडे आहेच. आपला कार्निव्हल अंगणातलाच आहे मुळात.

आणि किंग मोमो, म्हणजे कार्निव्हलचा राजा, विसरू नका. शनिवारी तो फर्मान काढतो, "खा, प्या, मजा करा", आणि चार दिवस त्याचं राज्य. तुमची लेक किंग मोमो, तिला एक फर्मान वाचायला द्या.

डिचोलीचा_पोरगा
गाडीचं माझ्यावर सोडा, म्हणजे सांगतो कशी करायची. आम्ही दरवर्षी दिवाळीला नरकासुराचा मोठा पुतळा करतो, तीच पद्धत. तुमच्या वाड्यावरची नरकासुर करणारी पोरं असणारच, त्यांना धरा, फेब्रुवारीत ती रिकामीच असतात आणि मुखवटे करायचा हात त्यांना असतो.

चाकं: कुणाचं किराणा दुकान असेल तर सामान ओढायची चार चाकांची बुटकी ट्रॉली मागून घ्या. उंच गाडी नको, जमिनीपासून वीतभर उंची पुष्कळ झाली, पोर पडलं तरी लागत नाही. वर प्लायवूडचा तुकडा तारेने घट्ट बांधा आणि त्यावर छोटं स्टूल स्क्रूने ठोका, नुसतं ठेवू नका.

मासा: बांबूच्या कांबी चिरून घ्या, पाण्यात रात्रभर भिजवल्या की वाकतात. आधी तीन कडी, मोठं मधे, लहान दोन टोकांना, मग आडव्या कांबी सुतळीने बांधत जायचं, शेपटाकडे निमुळतं. पोर मधल्या कड्यात बसेल एवढी जागा वरून उघडी ठेवा. त्यावर वर्तमानपत्राच्या पट्ट्या, फाडलेल्या, कात्रीने कापलेल्या नको, फाडलेल्या कडा एकमेकीत नीट बसतात. खळ मैद्याची: एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, आधी थंड पाण्यात कालवून मग मंद आचेवर ढवळत राहायचं, चकाकी आली की उतरवा. थोडं मोरचूद टाकलं की झुरळं आणि उंदीर लागत नाहीत. तीन थर द्या, प्रत्येक थर पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा नाही. आत्ता दिवसा ऊन चांगलं आहे, पण रात्री दव पडतं, संध्याकाळी आठवणीने आत घ्या, नाहीतर सकाळी सगळं पिचपिचीत.

तोंड: वरचा जबडा सांगाड्याला पक्का. खालचा जाड पुठ्ठ्याचा, मागच्या कडेला कापडी टेपने जोडलेला म्हणजे तीच बिजागरी. खालच्या जबड्याच्या टोकाला नायलॉनची दोरी, ती वरच्या जबड्याच्या भोकातून मागे आणायची. दोरी ओढली की तोंड मिटतं, सोडली की आपल्या वजनाने उघडतं. दोरी किंग मोमोच्या हातात द्या.

वॉर्डातली_सिस्टर
वाचून फार आनंद झाला, पण मधे बोलते, रागावू नका. मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, सतरा वर्षं झाली.

मोरचूद नको. ते विष आहे, आणि पाच वर्षांची मुलं ओला कागद तोंडात घालतात, बोटं चाटतात. खळीत मीठ घाला थोडं, आठवडाभर आरामात टिकते.

बाकी माझ्या मनातलं एकदाच सांगून टाकते. फुगे: न फुगवलेला फुगा किंवा फुटलेल्या फुग्याचा तुकडा आठ वर्षांखालच्या मुलांसाठी फार धोक्याचा, घशात बसला की चिकटतो, निघत नाही. फुगे लावायचेच तर उंच लावा, फुटला की तुकडे लगेच उचलायला एक माणूस नेमा. गॅसचे फुगे घ्याल तर हेलियमचेच आहेत ना विचारा, काही ठिकाणी हायड्रोजन भरून देतात, तो मेणबत्तीच्या जवळ भडकतो. मासे पकडायच्या खेळात ते छोटे चकचकीत गोल लोहचुंबक अजिबात नकोत. दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना चिकटतात आणि आतडं मधे चिमटतं, ऑपरेशनच करावं लागतं. तसंच रिटर्न गिफ्टमधली लुकलुकणारी अंगठी, लाइटवाली भिंगरी, त्यात बटण सेल असतो, तो गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजते. माझ्या हातावर असं पोर आलंय. आईबाप तसेच धावत आले होते, बाकी मुलं अजून पार्टीतच होती.

पॉपकॉर्न आणि अख्खे शेंगदाणे, चणे तीन-चार वर्षांच्यांना देऊ नका. द्राक्षं उभी चिरून. एवढं पाळलं की बाकी मुलं पडतील, रडतील, गुडघे खरचटतील, त्याला काही होत नाही.

डिचोलीचा_पोरगा
सिस्टर, मोरचूद काढलं. नरकासुर तर आम्ही जाळतो म्हणून कधी विचारच केला नव्हता. धन्यवाद.

अबोलीगजरा
सिस्टर खूप खूप आभार, मी हे सगळं वहीत उतरवून घेतलंय. लोहचुंबकाचा खेळ मी ऑर्डर करणारच होते. आता त्याऐवजी काठीला तारेचा बोथट आकडा आणि पुठ्ठ्याच्या माशांना मोठ्या बांगड्या, चालेल ना? माझ्याकडे लग्नातल्या प्लास्टिकच्या बांगड्या पडून आहेत भरपूर.

वॉर्डातली_सिस्टर
उत्तम. आकडा गोल वाकवा, टोक आत.

निळी_छत्री
मुलं १८ आणि गाडी एक, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. वाढदिवसाच्या मुलीला मासा आणि बाकीच्यांनी नुसतं बघायचं? पाच वर्षांच्या पोरांना बघायला बोलवून चालत नाही, दहा मिनिटांत भांडणं होतील. मी बालवाडी चालवते म्हणून सांगते. आमंत्रणातच लिहा की प्रत्येकाने आपली तीनचाकी, सायकल, स्कूटर, बाबागाडी जे असेल ते आणावं. आल्या आल्या पहिली वीस मिनिटं सजवायचं: क्रेप कागद, घोटीव कागदाची फुलं, झेंडूची माळ, जुन्या साड्यांच्या काठांच्या पट्ट्या. चाकांच्या आऱ्यांत कागद गुंफायला मोठी मुलं मदत करतात. मग सगळ्यांचीच मिरवणूक, पुढे मासा. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी तीन-चार खोके तळ काढून, खांद्यावर नाडी लावून तयार ठेवा, आत उभं राहायचं आणि चालायचं, बस होते, होडी होते.

आणि यायला उशीर करणाऱ्यांची वाट बघण्यात जो वेळ जातो, ज्यात मुलं पडद्यामागे मारामाऱ्या करतात, तो प्रश्न आपोआप सुटतो.

खेळांचं: चार ठिकाणं पुरे. १८ मुलं म्हणजे एकेका ठिकाणी चार-पाच, नंबर लवकर येतो. प्रत्येक ठिकाणी एक मोठं माणूस बसलेलं पाहिजे, फिरतं नको. डब्यांचा मनोरा चेंडूने पाडणे, जत्रेत असतात तशा रिंगा, तुमचे बांगडीवाले मासे, आणि चौथं काहीतरी न हरता येणारं, उदा. ठसे उमटवणे. उभं राहायची रेघ रांगोळीने काढा, तीन-चार वर्षांच्यांना दोन पावलांवर, मोठ्यांना पाच पावलांवर. जिंकलं-हरलं असं बक्षीस नको. प्रत्येकाच्या गळ्यात एक कार्ड, खेळ खेळला की ठसा, चार ठसे झाले की शेवटी एक पिशवी, सगळ्यांना सारखी.

परदेशी_पाखरू
मस्त धागा. मी आता दुबईत आहे पण माहेर पेडण्याचं. जोकर आणि मुखवट्यांबद्दल मात्र जपून. माझा मुलगा चार वर्षांचा असताना एका वाढदिवसाला तोंड पूर्ण रंगवलेला माणूस समोरून आला आणि तो इतका घाबरला की पुढे सहा महिने वाढदिवसाला जायचंच नाही म्हणायचा. मुखवटा द्यायचा तर काठीवरचा द्या, मुलाने हवा तेव्हा तोंडासमोर धरायचा, नको तेव्हा खाली. चेहरा रंगवणार असाल तर आधी मनगटाच्या आत थोडा लावून बघायला सांगा, आणि ज्याला नको त्याला हातावर एक छोटा मासा काढून द्या.

निळी_छत्री
अगदी बरोबर. आणि एक शांत कोपरा ठेवा, चटई, खडू, दोन-चार पुस्तकं. आवाज सहन न होणारं एक तरी मूल असतंच, त्याला तिथे कुणी "अरे ये ना खेळायला" म्हणून ओढायचं नाही.

कोकमसरबत
खाण्याचं काय ठरलं? नाव घेतलंय म्हणून कोकम सरबताचा स्टॉल पाहिजेच 😊 माठात करून ठेवा, पळीने ओता.

म्हातारीचे केस ठेवणार असाल तर बिनरंगाचे, पांढरे सांगा. २०२४ च्या फेब्रुवारीत पुदुच्चेरी आणि तामिळनाडूने त्याच्यावर बंदी घातली होती, गुलाबी रंगात रोडामाइन-बी सापडलं म्हणून, ते कपडे रंगवायचं द्रव्य आहे. आपल्या म्हापशातही त्याच वर्षी रंग आणि अस्वच्छतेमुळे गोबी मंचुरियनवर नगरपालिकेने हरकत घेतली होती ना, बोडगेश्वरच्या जत्रेच्या वेळी.

अबोलीगजरा
खाणं घरीच. छोटे बटाटवडे, व्हेज कटलेट आणि पाव, कलिंगडाच्या फोडी, मोठ्यांसाठी जत्रेसारखं खाजें आणि चणे वेगळ्या टेबलावर, उंचावर. सासूबाई मणगणें करणार म्हणतात, चण्याची डाळ आणि साबुदाणा नारळाच्या रसात, लेकीला ते केकपेक्षा जास्त आवडतं. केक एक किलो, साधा.

सजावटीचं सांगा कुणी. फुग्यांच्या काठ्या आणि थर्माकोलची अक्षरं बघितली दुकानात.

मांडवीकाठ
थर्माकोलची सजावट आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या काठ्या, दोन्हीवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, प्लास्टिकच्या प्लेटी, ग्लास, चमचे, स्ट्रॉ यांच्यासोबत. दुकानात मिळतं म्हणून चालतं असं नाही. प्लेटी पोफळीच्या विरीच्या घ्या, आपल्याकडे फोंड्यातच मिळतील. सजावटीला दिवाळीचे आकाशकंदील आणि नाताळचे तारे माळ्यावर असतीलच प्रत्येकाच्या घरात, शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून गोळा करा, ओळीने टांगा. पाचला पार्टी म्हणजे पावणेसात नंतर अंधारतं, तेव्हा ते पेटवले की दुसरं काही लागणार नाही.

सासष्टीकर
मिरवणुकीला वाजवणार काय? स्पीकर नको, प्लीज.

अबोलीगजरा
सासरे आरतीला घुमट वाजवतात, ते तोंडाला कातडं ताणलेलं मातीचं वाद्य! धाकटे दीर शामेळ, म्हणजे काठ्यांनी वाजवायचा ढोल, आणि कासाळें, म्हणजे झांजा, कोणीही. विचारलं तर म्हणाले, "कार्निव्हलाक घुमट?" आणि जरा गप्प झाले, मग संध्याकाळी बघते तर घुमट खुंटीवरून काढून उन्हात ठेवलेलं. बकरीच्या कातड्याचं आहे, घोरपडीचं जुनं होतं ते केव्हाच वापरायचं बंद केलं त्यांनी.

सासष्टीकर
मग तर काय! २०१९ मध्ये सरकारने घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीर केलं. आणि मांडो या आपल्या गोव्याच्या ख्रिस्ती गाण्या-नाचाला घुमट वाजतंच की, ख्रिस्ती घरांतही तेच वाद्य. घुमट दोघांचं आहे, त्यांना सांगा बिनधास्त वाजवा.

डिचोलीचा_पोरगा
फोटो टाका सांगाड्याचा.

अबोलीगजरा (२७ जानेवारी)
सांगाडा झाला. वाड्यावरची तीन पोरं दोन संध्याकाळी येऊन बसली, चहा आणि भजी एवढंच मागितलं. फोटो चढवायला जमत नाहीये. पहिला थर वाळला, दुसरा आज. एक दिवस रात्री बाहेर राहिला आणि खरंच पिचपिचीत झाला, ती बाजू सोलून पुन्हा केली. लेकीला मागच्या पडवीत यायची बंदी आहे, पण दाराच्या फटीतून तिने शेपूट बघितलं आणि कुणाला काही न बोलता जाऊन झोपली. मला सासूबाईंनी सांगितलं. "झोपेत हांसताली," म्हणाल्या.

वॉर्डातली_सिस्टर
हे वाचून डोळ्यात पाणी आलं गं.

निळी_छत्री
मिरवणूक रस्त्यावर नेऊ नका. अंगणातून मागच्या भाटापर्यंत, म्हणजे बागेपर्यंत, आणि परत, एवढं बास.

अबोलीगजरा (१० फेब्रुवारी)
झाला वाढदिवस! सगळं सांगते, कारण तुमच्याशिवाय हे झालंच नसतं.

१८ बोलावली होती, २३ आली, भावंडं धरून. पिशव्या २५ केल्या होत्या म्हणून निभावलं. औक्षण आधी झालं, पाच निरांजनं, लेक पाटावर बसली होती पण नजर सगळी मागच्या पडवीकडे. दीराने मासा ओढत बाहेर आणला तेव्हा ती उठली नाही, ओरडली नाही, नुसती दोन्ही हातांनी फ्रॉक घट्ट धरून बसली. मग आजोबांनी घुमटावर पहिली थाप मारली आणि ती धावली.

सजवण्याला वीस मिनिटं धरली होती, चाळीस लागली, आणि तोच सगळ्यात चांगला भाग होता. साडीच्या काठांची पट्टी कुणाला लाल कुणाला सोनेरी यावरून थोडी ओढाताण झाली, एका मुलाने तर सायकल सोडून स्वतःलाच गुंडाळून घेतलं आणि तसाच चालला. बाहेरून आलेली मोठी माणसं पण खाली बसून आऱ्यांत कागद गुंफत होती, शेजारच्या आंटी ताटभर दोदोल, म्हणजे नारळ-गुळाची मिठाई, घेऊन आल्या त्या ताट खाली ठेवून पहिल्यांदा एका पोराची बाबागाडी सजवायलाच बसल्या. त्यांनीच मग मुलांना "व्हिवा कार्नाव्हाल" ओरडायला शिकवलं.

फर्मान तिने स्वतः सांगितलं, मी लिहून घेतलेलं: "मी किंग मोमो आहे. आज सगळ्यांनी खा, सरबत प्या, मजा करा. कुणी कुणाला ढकलू नका. आणि हात हलवा." शेवटचं वाक्य तीन वेळा म्हणाली.

दुसऱ्या फेरीला जबड्याची दोरी भोकाच्या कडेला घासून तुटली आणि तोंड उघडंच राहिलं. मी घाबरले की आता रडणार. तर तिने मागे वळून सगळ्यांना सांगितलं, मासा गातोय. मग मिरवणूक भाटात जाऊन परत येईपर्यंत सगळी मुलं तोंड उघडं ठेवून गात होती, काय ते देव जाणे.

शांत कोपऱ्याचा फार उपयोग झाला. एक सात वर्षांचा मुलगा, ढोल-बिल वाजलं की कानावर हात ठेवतो, तो मिरवणूकभर तिथे बसून मासे रंगवत होता. त्याची आई मला म्हणाली की पहिल्यांदाच ते कुठल्या वाढदिवसाला शेवटपर्यंत थांबले. त्याने रंगवलेला एक मासा लेकीने उशाशी ठेवलाय.

चुकलेलं पण सांगते म्हणजे पुढच्यांना उपयोग. रिंगांचा खेळ लहानांना जमलाच नाही, रिंगा फार लहान झाल्या, त्या बादलीच्या तोंडाएवढ्या पाहिजेत. सरबताचा माठ अंगणात ठेवला तिथे चिखल झाला, ओट्यावर ठेवायला हवा होता. डास साडेसहाला आले, कडुनिंबाचा धूर केला तो अर्धा तास आधी करायला हवा होता. फुगे आम्ही शेवटी ठेवलेच नाहीत, कुणी विचारलंही नाही. खर्च सगळा मिळून १३,४०० झाला, त्यातले जवळजवळ निम्मे खाण्यावर.

आता खरा वाढदिवस उद्यावर आलाय, आणि पोर म्हणते उद्या काही नको, फक्त मणगणें.

डिचोलीचा_पोरगा
दोरीच्या भोकाला जुन्या पेनची नळी बसवायची होती, माझी सांगायची राहिली. मासा ठेवलाय ना? जाळू नका हां.

अबोलीगजरा
जाळतो कशाला! पडवीतच आहे. शनिवारी कार्निव्हलला पणजीला न्यायचा म्हणून हट्ट चाललाय, ट्रॉली मात्र दुकानात परत द्यायचीय.

परदेशी_पाखरू
ताई, तळ काढलेल्या खोक्यांच्या नाड्या कशा लावल्या ते सांगाल का? इथे माझ्या मुलाला होडी करून द्यायचीय. खांद्यावरून सरकतात माझ्या.

अबोलीगजरा
सरळ नको, मागे फुलीसारखी लावा. पुढच्या उजव्या कोपऱ्यातून डाव्या खांद्यावरून मागे, पुढच्या डाव्यातून उजव्या खांद्यावरून. खोक्याला भोक पाडाल तिथे आतून पुठ्ठ्याचा चौकोनी तुकडा चिकटवा, नाहीतर फाटतं. खोका कमरेला आला पाहिजे, छातीला नको, हात हलवायला मोकळे राहतात.